दमा शांत असतानाचं औषध: जुनाट फुफ्फुसविकार आणि चिनी वैद्यक

माझ्या आत्याची बसायची एक ठरलेली रीत आहे. ओसरीवरच्या लोखंडी खुर्चीत ती थोडी पुढे वाकते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवते, खांदे कानांपर्यंत उचलते आणि मग श्वास घेते. फुफ्फुसांच्या पेशंटना व्यायाम शिकवणं हे माझं रोजचं काम आहे. अशी बसलेली माणसं दिवसाला चार-पाच तरी दिसतात आणि त्यांतल्या एकालाही ही रीत कुणी शिकवलेली नसते. हात टेकले की मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंना आधार मिळतो, मग ते बरगड्या वर ओढायला मदत करतात. शरीर आपलं आपण शोधून काढतं.

आत्याने जन्मात विडीला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं ती चुलीपुढे बसली. तिच्या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, म्हणजे श्वासनलिका अडवणारा जुनाट फुफ्फुसविकार; गाव दमा म्हणतं. गेल्या दिवाळीत माझा भाचा सुट्टीला आला. तो चीनमध्ये नानजिंगला एमबीबीएस करतो. आजीसाठी त्याने काळपट, दाट पाकाची एक बाटली आणली होती. लोकाटाची पानं, मध आणि बऱ्याच वनस्पतींचा तो खोकल्याचा पाक होता. आत्याने चमचाभर चाटून बघितला, बरा लागला, आणि लगेच मला विचारलं, "पोरी, हे घेऊन तो पंप बंद करता येईल का गं?"

नाही, असं मी तिला तिथल्या तिथे सांगितलं. पण एका 'नाही'मध्ये तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही झालं नाही. चिनी वैद्यकाने दोन हजार वर्षं या धापेकडे बघितलं आहे. त्यात काय आहे, कुठे दम आहे आणि कुठे धोका आहे, ते नीट मांडावं म्हणून हा लेख.

आधी आजार समजून घेऊ, कारण त्याबद्दलच मोठा गैरसमज आहे. आत्याला वाटतं की तिला श्वास आत घेता येत नाही. खरी अडचण उलटी आहे, तिला तो पुरता बाहेर सोडता येत नाही. धुराने, तंबाखूने किंवा धुळीने बारीक श्वासनलिका सुजून अरुंद होतात आणि त्यांच्या टोकाचे हवेचे नाजूक फुगे विरत जातात. श्वास सोडताना या नळ्या मिटतात आणि आतली शिळी हवा आतच अडकते. ती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास येतो. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कसं मावणार? छाती पिंपासारखी फुगते आणि तरी माणूस हवेसाठी तडफडतो. याची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री, नळीत जोरात फुंकायची चाचणी. श्वासनलिका रुंद करणारं औषध देऊनही एकूण फुंकलेल्या हवेतली ७० टक्क्यांपेक्षा कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडत असेल, तर तो सीओपीडी. विरलेलं फुफ्फुस पुन्हा उगवत नाही. हे वाक्य कडू आहे, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

चीनमध्ये हा आजार किती आहे? २०१८ मध्ये तिथल्या एका देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले. सुमारे ५१ हजार प्रौढांना फुंकायला लावून केलेली ही पाहणी होती. तिच्या हिशेबाने जवळपास १० कोटी चिनी लोकांना सीओपीडी होता. आजार असलेल्या शंभरातल्या धड तिघांनाही तो आपल्याला आहे हे माहीत नव्हतं. म्हणजे आपल्यासारखंच. खोकला चालू असतो, वय झालं असं लोक म्हणतात, आणि जिना चढणं हळूहळू सोडून देतात.

आता चिनी वैद्यकाकडे वळू. त्यांच्या जुन्या ग्रंथांत या आजाराचं नाव आहे 'फेइ-झांग', म्हणजे फुफ्फुस फुगणं. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलेच. क्ष-किरण नव्हते, स्पायरोमीटर नव्हता, आणि तरी नुसत्या डोळ्यांनी बघून त्यांनी आजाराचं मर्म नावात पकडलं होतं. झांग झोंगजिंग हा वैद्य इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला होऊन गेला. त्याच्या ग्रंथात या रुग्णाचं वर्णन आहे: खोकला, वर चढलेला श्वास, धाप, आणि डोळे जणू खोबणीतून बाहेर पडतील असे. रात्री दोन वाजता धाप लागलेलं माणूस ज्यांनी बघितलं आहे, त्यांना ते डोळे ओळखू येतील.

'वर चढलेला श्वास' हे शब्द मराठी माणसाला परके नाहीत. आपण 'ऊर्ध्व लागला' म्हणतो तेव्हा हेच सांगत असतो. चिनी कल्पना अशी की शरीरात 'ची' नावाची एक चालती शक्ती असते आणि फुफ्फुसाचं काम ती खाली उतरवण्याचं. फुफ्फुस बिघडलं की ची उलटी वर चढते, मग खोकला येतो आणि धाप लागते. ची म्हणजे आपला प्राणच, असं म्हणायचा मोह होतो. दोन्ही कल्पना जवळच्या आहेत, पण एक नव्हेत, म्हणून मी 'ची' हाच शब्द ठेवते. दोन्ही मोजता येत नाहीत, हेही आताच सांगून टाकते. चिनी वैद्याचा नकाशा वेगळा आहे आणि त्या नकाशातला 'प्लीहा' किंवा 'मूत्रपिंड' म्हणजे सोनोग्राफीत दिसणारा अवयव नव्हे. तो कामांचा एक गठ्ठा आहे. प्लीहा अन्न पचवून त्याची शक्ती करते, आणि ती थकली की न पचलेल्याचा चिकट कफ होतो. त्यांच्याकडे म्हणच आहे की प्लीहा कफ निर्माण करते आणि फुफ्फुस तो साठवून ठेवतं. मूत्रपिंडाचं काम श्वास खालून धरून ठेवण्याचं. म्हणून म्हाताऱ्या माणसाची धाप, जी चार पावलं टाकली तरी लागते, ती त्यांच्या लेखी 'मूत्रपिंडाने श्वास धरला नाही' अशी असते.

म्हणूनच एकाच सीओपीडीच्या दोन पेशंटना चिनी वैद्य दोन वेगळी औषधं देतो. तो नाडी बघतो आणि जीभ बघतो. जिभेवर पांढरा, चिकट, जाड थर असेल तर कफ आणि ओल. पिवळा थर आणि पिवळा घट्ट बेडका असेल तर कफात उष्णता. जीभ जांभळी असेल तर रक्त साकळलं आहे. या शेवटच्या खुणेचं मला विशेष वाटतं, कारण ओठ आणि जीभ निळी-जांभळी दिसली की आम्हीही बोटाला ऑक्सिमीटर लावायला धावतो. रक्तात प्राणवायू कमी पडला की तो रंग येतो. स्पष्टीकरण वेगळं असलं तरी नजर त्याच जागी पडते.

या वैद्यकातला माझ्या मते सर्वांत कामाचा विचार औषधाचा नाहीच, वेळेचा आहे. त्यांचा नियम असा की तातडी असेल तेव्हा फांदी सांभाळा, शांतता असेल तेव्हा मूळ सांभाळा. दमा उसळला असेल तेव्हा धाप आणि कफ आटोक्यात आणायचा. तो शांत असेल तेव्हा माणसाला बळ द्यायचं, म्हणजे पुढची उसळी लांबेल. आपल्याकडे नेमका हा दुसरा भाग गळतो. आत्याचंच बघा. धाप लागली की दवाखाना, इंजेक्शन, वाफ. जरा बरं वाटलं की पंप कपाटात. सीओपीडीत प्रत्येक मोठी उसळी फुफ्फुसाचा थोडा भाग कायमचा घेऊन जाऊ शकते. त्यामुळे लढाई जिंकायची ती शांत दिवसांत. चिनी उपचारांवरचे बरे पुरावे कुठे आहेत ते बघत गेले तर बहुतेक याच शांत दिवसांच्या उपचारांचे निघाले.

आता औषधी वनस्पती. इथे एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी. 'माहुआंग' ही पानं नसल्यासारखी दिसणारी, काड्यांची वनस्पती. आपल्याकडे सोमलता म्हणतात ती याच कुळातली. धाप आणि खोकल्यासाठी चिनी वैद्य ती शतकानुशतकं वापरत आले. १८८५ मध्ये जपानच्या नागाई नागायोशी यांनी तिच्यातून इफेड्रिन वेगळं काढलं. १९२४ मध्ये पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजात छन खहुई आणि कार्ल श्मिट यांनी त्याचा शरीरावरचा परिणाम मांडला, आणि पुढे काही दशकं जगभरच्या दमेकऱ्यांनी इफेड्रिनच्या गोळ्या घेतल्या. म्हणजे चिनी काढ्यात खरंखुरं औषध होतं, यात शंका नाही. मग आपण आज ते का घेत नाही? कारण इफेड्रिन श्वासनलिकेचं दार उघडताना घरातली बाकीची सगळी दारंही धडाधड वाजवतं. छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, झोप उडते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सालब्युटामोल आलं, आजच्या निळ्या पंपातलं औषध. ते मुख्यत्वे श्वासनलिकेच्याच दारावर थाप मारतं, आणि पंपातून घेतलं की थेट तिथेच पोचतं. अमेरिकेने २००४ मध्ये माहुआंगच्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली, कारण वजन कमी करायला आणि तरतरी यायला लोक त्या खात होते आणि हृदयाचे झटके येत होते. आत्याच्या निळ्या पंपाकडे मी बघते तेव्हा मला वाटतं की तिला हवं ते जुनं औषध तिच्या हातात आहेच, जास्त नेमकं आणि जास्त सुरक्षित होऊन.

बाकीच्या वनस्पतींबद्दल थोडक्यात. कफासाठी त्यांचा एक पायाचा काढा आहे, 'अर्-छन', म्हणजे 'दोन जुन्या'. त्यात दोन वस्तू जितक्या जुन्या तितक्या चांगल्या मानतात. एक म्हणजे वाळवलेली संत्र्याच्या जातीची साल आणि दुसरी बान-श्या नावाचा छोटा कंद. बान-श्या आपल्या सुरणाच्या आणि अळूच्या कुळातला. कच्चा सुरण घशाला कसा खाजतो ते कोकणात कुणाला सांगायला नको. आपण चिंच-कोकम घालून तो शिजवतो, चिनी लोक बान-श्याला आलं आणि तुरटीत मुरवतात. न मुरवलेला बान-श्या विषारी असतो. वनस्पतीइतकीच तिच्यावरची प्रक्रियाही महत्त्वाची असते, हे ऑनलाइन पुडी मागवणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही.

खोकल्याच्या पाकांत घालतात तो 'बेइ-मू' हा डोंगरी कंद आहे. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नैर्ऋत्य चीनच्या उंच खडकाळ उतारांवर या कुळातली एक जात उगवते. जिथे माणसं तिचे कंद जास्त खणतात, तिथल्या झाडांची पानं हिरवी राहिलेली नाहीत. ती आजूबाजूच्या दगडांसारखी करडी-तपकिरी झाली आहेत. संशोधकांनी २०२० मध्ये हे मांडलं. हिरवी झाडं दिसली, खणली गेली. दगडात मिसळणारी उरली आणि त्यांचंच बी पुढे गेलं. आपल्या खोकल्यापायी एका झाडाने रंग बदलला.

बळ देण्याच्या औषधांत हुआंग-छी नावाचं मूळ येतं. ते आणि आणखी दोन वनस्पती मिळून 'यू-फिंग-फंग', म्हणजे जेडचा वारा-आडोसा, हे जुनं चूर्ण होतं. वारंवार सर्दी-खोकला होणाऱ्याला ते देत. चीनमध्ये २४० सीओपीडी रुग्णांवर त्याच्या दाण्यांची ५२ आठवड्यांची चाचणी झाली. निम्म्यांना खरे दाणे, निम्म्यांना हुबेहूब दिसणारे खोटे. वर्षभरात खरे दाणे घेणाऱ्यांत माणशी सरासरी १.१५ वेळा आजार उसळला, खोटे घेणाऱ्यांत १.५५ वेळा. फरक छोटा आहे, पण उसळी कमी होणं हेच तर शांत दिवसांच्या औषधाकडून मागायचं असतं. ही चाचणी मला आशादायक वाटते. मात्र एका चाचणीवर औषध ठरत नाही. वेगळ्या देशांत, वेगळ्या लोकांनी ती पुन्हा करून तोच निकाल आला पाहिजे.

आणि नेमकी इथेच या क्षेत्राची दुखरी नस आहे. बऱ्याचशा चाचण्या लहान असतात. काढ्याचा वास आणि चव इतकी ठळक असते की खोटा काढा बनवणं कठीण जातं. हेनान प्रांतातल्या एका चार केंद्रांच्या चाचणीत ३५२ रुग्णांना त्यांच्या प्रकारानुसार चिनी औषधं दिली आणि फायदा दिसला, पण ती उघडी चाचणी होती. आपल्याला काय मिळतंय हे रुग्णांना आणि डॉक्टरांना ठाऊक होतं. धाप ही मोजायची वस्तू असली तरी ती सांगतो माणूसच, आणि काळजी घेतली जातेय हे कळल्यावर माणसाची धाप खरंच थोडी हलकी होते. आमच्या खोलीत मी ते रोज बघते. म्हणून खोटा काढा दिलेल्यांशी तुलना नसेल तर फायद्यातला किती वाटा औषधाचा हे सांगता येत नाही.

सुईच्या उपचारात ही अडचण जपानमधल्या क्योटोच्या संशोधकांनी हुशारीने सोडवली. त्यांनी अशा सुया वापरल्या ज्या टोचल्यासारख्या वाटतात पण आत शिरत नाहीत. ६८ रुग्ण, आठवड्यातून एकदा, १२ आठवडे. नेहमीची औषधं दोन्ही गटांना चालूच होती. सहा मिनिटं चालल्यावर दहापैकी किती धाप लागली, हे रुग्णांनी सांगायचं. खऱ्या सुया घेतलेल्यांचा आकडा ५.५ वरून १.९ वर आला, खोट्यांचा जवळपास तिथेच राहिला. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सुधारणा एवढी मोठी आहे की मला ती पुन्हा मोठ्या चाचणीत बघायची आहे. तोवर एक गोष्ट मात्र पक्की: विरलेल्या, फुगलेल्या फुफ्फुसावर छातीत किंवा खांद्यावर सुई खोल गेली तर फुफ्फुसाला भोक पडून हवा बाहेर गळू शकते, आणि सीओपीडीच्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. गल्लीतल्या शिबिरात छातीवर सुया टोचून घेऊ नका.

आता भाच्याने सांगितलेली गोष्ट. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत किंवा थोडं पुढे, चिनी पंचांगात 'सान-फू' असतात, वर्षातले सर्वांत उकाड्याचे दिवस. "मावशी, त्या दिवसांत सकाळी हॉस्पिटलबाहेर रांग असते बघ," तो सांगत होता. "म्हातारी माणसं, लहान पोरं, सगळे पाठी उघड्या करून. नर्स पाठीवर चौकोनी चिकटपट्ट्या लावत जाते, प्रत्येकीत काळसर लगद्याचा एक गोळा." ही माणसं हिवाळ्यात खोकणारी. उपचाराचं सूत्र असं की हिवाळ्याचा आजार उन्हाळ्यात बरा करायचा. थंडीने होणारा त्रास शरीरात सर्वांत जास्त ऊब असते तेव्हाच हुसकायचा.

लगद्यात काय असतं? मुख्य वस्तू पांढरी मोहरी. तिच्याबरोबर आणखी काही मुळ्या, आणि हे सगळं आल्याच्या रसात कालवलेलं. झांग लू या वैद्याने १६९५ मध्ये ही कृती लिहून ठेवली. पाठीच्या वरच्या भागातल्या ठरावीक जागी लेप लावायचा, तीन उदबत्त्या जळेपर्यंत ठेवायचा, दहा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. आज उदबत्तीच्या जागी घड्याळ आलं, एवढंच. मोहरी कातडीला झोंबते, लाल करते, जास्त वेळ ठेवली तर फोड आणते. आपल्या आज्या छातीला मोहरीचं तेल चोळत, त्यामागेही हीच ऊब होती. या लेपाने हिवाळ्यातल्या उसळ्या कमी होतात असं सांगणाऱ्या चाचण्या चीनमध्ये आहेत, पण त्या बहुतेक कच्च्या आहेत, आणि मी त्यावर विसंबणार नाही. स्टेरॉइडने कातडी पातळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाला ते फोड चिघळतात, मधुमेह असेल तर आणखीच. लेप मी सोडून देते, पण उन्हाळ्यातच हिवाळ्याची तयारी करणं मला पटलं. आत्याची फ्लूची लस आम्ही यंदा थंडीची वाट न बघता पावसाळ्यापूर्वीच घेतली. न्यूमोनियाचीही घेतली.

माझ्या धंद्याचा भाग आता येतो, आणि इथे मी मनापासून चिनी लोकांची ऋणी आहे. ताई ची. सावकाश, गुडघे किंचित वाकवून, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेत, श्वासाच्या लयीत केलेल्या हालचाली. जिआंग्सू प्रांतातल्या खेड्यांतल्या १२० सीओपीडी रुग्णांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी मी सहकाऱ्यांना नेहमी सांगते. या रुग्णांनी तोवर पंप घेतलेला नव्हता. आधी सगळ्यांना रोजचा पंप सुरू केला. मग निम्म्यांना आमच्यासारख्यांचा नेहमीचा फुफ्फुस-व्यायामाचा कार्यक्रम आणि निम्म्यांना २४ हालचालींची ताई ची, १२ आठवडे. संपल्यावर दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. खरा फरक दिसला आणखी १२ आठवड्यांनी. ताई चीवाल्यांची सुधारणा जास्त टिकली होती. ताई चीवरच्या डझनभर चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये काढलेला निष्कर्ष जरा सावध आहे. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा ताई ची करणारे सहा मिनिटांत सुमारे ३० मीटर जास्त चालले, पण धाप आणि जगण्याचा दर्जा यांबद्दल खात्रीने सांगण्याइतकं हाती आलं नाही.

ताई चीवाल्यांची सुधारणा का टिकली, याचा माझा अंदाज साधा आहे. सायकल आणि ट्रेडमिल दवाखान्यात असते, ताई ची अंगणात करता येते. आमच्या कार्यक्रमाचं सर्टिफिकेट मिळालं की पेशंट घरी जातो आणि महिन्याभरात पुन्हा खुर्चीत बसतो. पाय कमजोर झाले की तेच काम करायला त्यांना जास्त हवा लागते, धाप वाढते, म्हणून माणूस आणखी कमी हलतो. हे चक्र तोडायला खेड्यात परवडेल असं, यंत्राशिवायचं काहीतरी हवं.

त्याच घराण्यातली दुसरी गोष्ट म्हणजे 'लिऊ-त्सी-च्युए', सहा ध्वनींचा सराव. प्रत्येक अवयवाला एक ध्वनी, तो काढत श्वास सावकाश सोडायचा. फुफ्फुसाचा ध्वनी ऐकायला आपल्या 'स्स्स'सारखा. ध्वनी त्या अवयवापर्यंत पोचतो की नाही यात मी शिरत नाही. पण 'स्स्स' म्हणताना ओठ-दात जवळ येतात, हवेला बाहेर पडताना अडथळा होतो, तिचा उलटा दाब श्वासनलिकांना आतून टेकू देतो आणि त्या मिटायच्या थांबतात. अडकलेली हवा बाहेर पडते. आम्ही पेशंटना ओठांचा चंबू करून मेणबत्ती हलेल पण विझणार नाही असं फुंकायला सांगतो, ते हेच. आत्याला मेणबत्ती जमली नाही. दोन श्वासांत ती कंटाळायची. 'स्स्स' जमलं, कारण पोरांना गप्प करायला ते तिने आयुष्यभर केलं होतं. आता पायऱ्या चढताना ती एका पायरीवर श्वास घेते आणि पुढच्या दोन पायऱ्या 'स्स्स' करत चढते. सात पायऱ्या, मध्ये एकदा थांबून. आधी तीनदा थांबायची.

धोक्याचं बोलल्याशिवाय हा विषय सोडणं बरोबर नाही. 'वनस्पती आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. माडौलिंग नावाचं एक फळ आहे. वाळल्यावर ते घोड्याच्या गळ्यातल्या घंटीसारखं दिसतं आणि नावाचा अर्थही तसाच. खोकला आणि धापेवर ते चिनी वैद्य शतकं देत आले. त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंड निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोग घडवतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत या कुळातली वनस्पती गेली आणि कितीतरी स्त्रियांची मूत्रपिंडं गेली, तेव्हा जगाला हे कळलं. चीनने स्वतःच्या २०२० च्या औषधकोशातून माडौलिंग काढून टाकलं. आपल्याकडची सापसण याच कुळातली आहे, म्हणून हे दूरचं समजू नका. परिणाम दिसायला वर्षं लागतात, त्यामुळे 'आमच्या आजोबांनी घेतलं, काही झालं नाही' हा पुरावा ठरत नाही.

दुसरा धोका आपल्या अगदी घरातला आहे: ज्येष्ठमध. चिनी काढ्यांत ते आपल्या फोडणीतल्या हळदीइतकं नेमाने पडतं. थोडं चघळण्याने काही होत नाही. रोज, जास्त, आठवडेच्या आठवडे घेतलं तर शरीरातलं पोटॅशियम घटतं, पाणी साचतं, रक्तदाब चढतो. आता सीओपीडीच्या पेशंटची औषधं आठवा. सालब्युटामोल पोटॅशियम कमी करतं, स्टेरॉइडच्या गोळ्याही करतात, पायाच्या सुजेसाठी दिलेली लघवीची गोळीही करते. वर ज्येष्ठमधाचा काढा. मग हातापायांतलं बळ जातं, हृदयाचे ठोके चुकतात, आणि घरचे म्हणतात की अशक्तपणा आलाय, अजून एक काढा द्या. दवाखान्यात जाताना काढ्याची, पाकाची, चूर्णाची जी काही बाटली असेल ती पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. न विचारताच ठेवा, कारण ते विचारतीलच असं नाही.

नाव नसलेल्या पुड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. दोन दिवसांत दमा थांबवणाऱ्या पुडीत न सांगता स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणं अनेक देशांत सापडली आहेत. दोन दिवसांत चमत्कार झाला तर आनंदाआधी शंका घ्या. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर कोणत्याही देशाचं वैद्यक सुरू करण्याआधी थुंकी तपासून क्षयरोग नाही ना ते बघा. आपल्याकडे ही पहिली पायरी आहे.

आत्याला मी शेवटी काय सांगितलं? रोजचा पंप न चुकता, ठरलेल्या वेळी, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, नंतर चूळ भरून. पंपाची सवय लागते ही भीती सोड. चष्म्याची लागते तेवढीच ती सवय. भाच्याने आणलेला पाक मी घटकांची यादी त्याच्याकडून वाचून घेतल्यावर ठेवू दिला, घसा खवखवला तर चमचाभर, कारण त्यात माहुआंग नव्हतं आणि ज्येष्ठमध थोडंच होतं. सकाळी अंगणात पंधरा मिनिटं त्या सावकाश हालचाली. त्या भाच्यानेच तिला मोबाइलवर दाखवल्या, आणि आता शेजारच्या दोन काकूही तिच्यासोबत करतात.

एक गोष्ट मात्र मला उशिरा सुचली. चिनी वैद्यकाच्या सर्वांत जुन्या ग्रंथात म्हटलं आहे की श्रेष्ठ वैद्य आजार होण्याआधी उपचार करतो. युन्नान प्रांतात श्वानवेइ नावाचा भाग आहे. तिथे लोक घरात उघड्या खड्ड्यात धुराचा कोळसा जाळत. १९७० च्या दशकापासून अनेकांनी धुराडं असलेल्या शेगड्या बसवल्या. वीस हजारांहून जास्त शेतकऱ्यांचा माग काढल्यावर, धुराडं बसवलेल्या घरांत सीओपीडीचं प्रमाण पुरुषांत सुमारे ४२ टक्के आणि बायकांत सुमारे २५ टक्के कमी निघालं. फरक ठळक व्हायला सुमारे दहा वर्षं गेली. या लेखात आलेला एकही काढा, सुई किंवा लेप आजार असा मुळातच टाळल्याचं दाखवत नाही.

हे वाचल्यावर मी आत्याच्या घरात नीट बघितलं. गॅस येऊन बारा वर्षं झाली, स्वयंपाक त्यावरच होतो. पण अंघोळीच्या पाण्याचा बंब अजून मागच्या पडवीत, तिच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली होता. रोज पहाटे पाचला तो ओल्या लाकडांवर पेटायचा. आतेभावाला दाखवला. त्याने त्याच रविवारी तो उचलून गोठ्याच्या पलीकडे नेऊन ठेवला.